खुणेचं तिकीट

आफशीनच्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन होतं. अंतराळस्थानकावर खून होतो आणि खुनी शेवटच्या पानावर कळतो. ते नाव तिनं आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. प्रमुख पाहुणे, अब्बांना कुस्ती शिकवणारे वस्ताद, बोलायला उठले. हातातल्या पुस्तकात निम्म्यावर खुणेला एसटीचं तिकीट घातलेलं होतं. "ह्ये अंतराळस्थानक म्हंजे आपली तालीमच की! आत धा गडी, जागा एवढीशी, मग भांडणं व्हणारच!" ते गरजले. "आन् खुनी त्यो डॉक्टरच हाय, माझ्याकडनं लिहून घ्या!" सभागृहात टाळ्या पडल्या. वस्ताद मग डॉक्टरचा डाव समजावू लागले. आफशीनचं डोकं फिरलं. तिनं माईक हिसकावून घेतला. "ओ वस्ताद, डॉक्टरनं कायबी केलं न्हाय! खून कॅप्टननं केलाय!" वस्तादांनी पुस्तकातलं तिकीट काढून खिशात घातलं. "बरं झालं सांगितलंस पोरी, आता पुढचं वाचाय नको."