मृत्युलेख तयार आहे

सकाळी पेपर उघडला की भालचंद्र देवस्थळी निराश होऊन म्हणायचे, “अजून आहे!”

परराष्ट्र धोरणावर लिहिण्यात त्यांची हयात गेली होती. एका दूरच्या देशातल्या हुकूमशहाला पहिला हार्ट अटॅक आला, तेव्हाच त्यांनी त्याचा मृत्युलेख लिहून ठेवला. पण म्हातारा चिवट निघाला. दैनिकाचे तीन संपादक निवृत्त झाले, तरी हा आपला खुर्चीला चिकटून! देवस्थळी त्याच्या दर वाढदिवसाला लेखात दोन-चार शेलकी विशेषणं वाढवत. घरात जावयापेक्षा त्याच्याच तब्येतीची चौकशी जास्त व्हायची.

अखेर एका दुपारी संपादकांचा फोन आला. “साहेब, गेला तो! लेख पाठवा.”

देवस्थळींनी लेख उघडला. क्रूर, कपटी, रक्तपिपासू, सगळं जागच्या जागी होतं. पण पाठवायचं बटण काही दाबवेना.

“काय झालं हो?” स्वयंपाकघरातून नलिनीबाईंनी विचारलं.

“आपला म्हातारा गेला गं,” ते म्हणाले.

नलिनीबाईंनी गॅस बंद केला आणि गीझर लावला. “आधी आंघोळ करून घ्या,” त्या म्हणाल्या, “मग घाला काय शिव्या घालायच्यात त्या.”