कोरं फूल

“आपा, पुन्हा एक फूल कोरंच?” आयजमालनं भरतकाम केलेली सुझनी चादर उलगडत ताश्कंदच्या मदतसंस्थेतली झिलोला कावली. “आमचे चित्रकार चित्रं विकून तुमच्या मुलीची फी भरतात. त्यांना अर्धवट काम कसं दाखवू?”

“कितीदा सांगू तुला, बाई? सगळी फुलं भरून टाकली, तर घरातली लग्नं थांबतात,” आयजमाल खेकसली.

तेवढ्यात पलीकडच्या गावच्या दोघी आयजमालच्या मुलीला, नफोसतला, मागणी घालायला आल्या. हल्ली रोज कुणी ना कुणी येतच होतं. पोरगी आतल्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करत होती.

आयजमालनं दोघींना चहा पाजून कसंबसं वाटेला लावलं. मग चडफडत सुईत लाल दोरा ओवला.

“आण ती सुझनी इकडे,” ती झिलोलाला म्हणाली. “एकदाचं भरूनच टाकते.”