बाई आणि डोंगर

हरीशरावांना फोटोंचा भारी नाद. महाबळेश्वरपासून न्यूझीलंडच्या रोटोरुआपर्यंतचे सगळे डोंगर, तळी, सूर्यास्त त्यांच्या अल्बममध्ये हजर. गैरहजर फक्त त्यांची बायको, विनयाताई. दर वेळी त्या ठेवणीतली साडी नेसून हौसेने उभ्या राहायच्या आणि हरीशराव म्हणायचे, "अगं, मधे येऊ नकोस."

यंदा दोघं ऑकलंडला लेकीकडे आले, तेव्हा सुखदाने त्यांना जपानी चित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. लाकडी ठशांनी छापलेली जुनी चित्रं होती ती. कुठे बर्फात छत्री धरलेली बाई, तर कुठे वाऱ्यात उडणारी बाही सावरणारी. एका चित्रापुढून हरीशराव हलेचनात.

"बघ विनया, ही बाई पुढे उभी आहे म्हणून त्या डोंगराला शोभा. नाहीतर नुसता दगड!"

"बाबा, हे आईला लिहून द्या," सुखदा हसली.

तिथून तिघं थेट समुद्रावर गेले. समोर रांगितोतो बेटाचा डोंगर आणि भन्नाट वारा. विनयाताईंनी अंगातला स्वेटर काढून लेकीच्या हातात कोंबला, कुडकुडत पदर वाऱ्यावर सोडला आणि थेट चित्रातल्या बाईसारखी मान वळवली. आज तरी फोटोत यायचंच!

हरीशरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "वा! जरा डावीकडे सरक. अजून थोडी. अजून..."

विनयाताई लाजत लाजत सरकत गेल्या.

 

"हां, बस्स! आता कसा अख्खा डोंगर आला बघ."