विहिरीची कविता
रहाटणीच्या कविसंमेलनासाठी जयमालाने मुद्दाम विहिरीची कविता निवडली होती. तिच्या सासरची विहीर बुजवून ज्याने टॉवर उभा केला, तो बिल्डरच प्रमुख पाहुणा म्हणून व्यासपीठावर बसला होता. भर सभेत त्याची मान खाली जावी, एवढ्यासाठी तिने एकेक ओळ त्याच्याकडे रोखून पाहत वाचली. कविता संपली. बिल्डरने उठून डोळे पुसले आणि सत्कारात मिळालेली शाल तिच्याच खांद्यावर घातली. “ताई, काळजाला भिडली. आपल्या टॉवरच्या गेटवर संगमरवरात कोरून घेतो.” टाळ्यांचा कडकडाट झाला. जयमाला पहिल्या रांगेत सासू छबूबाईंशेजारी जाऊन बसली. विहिरीवरच्या साती आसरांना त्या दर अमावस्येला नैवेद्य ठेवायच्या. टॉवर झाल्यापासून गेटवरचा वॉचमन त्यांना हाकलायचा. त्यांनी शाल चाचपली आणि हळूच विचारलं, “आता तरी वॉचमन मला आत सोडंल का गं?”