ठरलेल्या राती

“सरकारचं विमान, सरकारचं तेल, आपलं फक्त लेकरू,” मसाजीनं हा हिशोब वैजनाथरावांना पुन्हा एकदा ऐकवला आणि खुंटी ठोकली. खुंटीला जाळं अडकवलं. जाळ्याच्या आत त्याची मेंढरं एकमेकांच्या अंगावर रेलून उभी होती. दुसरं टोक त्याची पोरगी राधिका धरून होती.

रान वैजनाथरावांचं, सिद्धेश्वरच्या कालव्याखालचं. हळद निघाली होती आणि पाऊस लागायच्या आत जमिनीला खत हवं होतं. म्हणून किती रात्री ते ठरवून रानात मेंढरं बसवायची. मेंढरांनी दिवसा मालकाचा पाला खायचा, रात्री मालकाच्याच रानात लेंड्या टाकायच्या, आणि मालकानं वर जवारी द्यायची. दुसऱ्याकडे पोटभर जेवायचं आणि आहेर घेऊन उठायचं, हे जावयाखालोखाल मसाजीलाच जमलं होतं.

पोरीच्या बाबतीतही त्यानं तोच व्यवहार पाहिला. राधिकाला विमान चालवायचं होतं. वैजनाथरावांचा भाचा शिवहार, त्यालाही तेच चालवायचं होतं. शिवहार विमानाच्या खासगी शाळेत शिकला. त्यात त्याच्या बापाचं गोरेगावचं रान उडालं. शिवहार अजून उडायचा होता. कंपनीच्या फोनची वाट बघत तो घरी बसला होता. राधिकानं लष्कराची वाट धरली. परीक्षा झाली, मुलाखत झाली, डोळे, कान, छाती सगळं तपासून झालं. जूनअखेर खडकवासल्याला हजर व्हायचं होतं. शिकवणं फुकट, खाणं फुकट, कपडेसुद्धा त्यांचेच. मसाजीनं औंढ्याच्या बसस्टँडवर हे ओळखीच्यांना सांगितलं, मग अनोळख्यांना सांगितलं.

“दहा वर्षं त्यांच्यात उडवायचं,” तो आता सांगून राहिला होता, “मंग खासगी कंपनी. तयार पायलट. शिकवायचा खर्च सरकारच्या माथी.”

दहा हा आकडा त्याला कोणी सांगितला नव्हता. त्याला तो गोल वाटला होता.

“फुकट कोणी काही देत न्हाई, मसाजी,” वैजनाथराव बांधावरून म्हणाले.

“तुमी देऊन राहिले की, मालक.”

जवारी वैजनाथरावांचीच होती. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि विषय मिटवला.

पलीकडे बाभळीखाली मसाजीची बायको सिंधूबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. याच बाभळीखाली राधिका जन्मली होती. तो किस्सा मसाजीचा फार लाडका. सिंधूबाईचे दिवस भरत आले होते. माहेर एका दिवसाच्या मजलेवर होतं. वैजनाथराव स्वतः म्हणाले होते, “उठव कळप, पोचव तिला. माझी काही तकरार न्हाई.” आणि मसाजीनं उत्तर दिलं होतं, “शब्द दिला, मालक. ठरलेल्या राती भरल्याबिगर मसाजीचा कळप उठत न्हाई.” मग वैजनाथरावांच्या आईनंच बाळंतपण केलं. हा किस्सा ऐकला की नवा शेतमालक जास्त घासाघीस करत नसे. त्या वेळी सिंधूबाई काय म्हणाली होती, ते किश्श्यात नव्हतं. किस्सा सुरू झाला की ती उठून जायची.

“आबा,” राधिका म्हणाली, “मुलाखतीत साहेबांनी इचारलं होतं, किती वर्षं राहशील म्हणून.”

मसाजीचा हात थांबला. “दहा तर न्हाई ना सांगितलं? तिथं देशसेवा म्हणावं लागते.”

“मी त्यांना म्हणलं, तुमी ठरवाल तितकी. भरल्याबिगर उठणार न्हाई.”

“बराबर. तोंडावर तसंच बोलावं.”

“तोंडावर न्हाई, आबा. खरंच बोलले. वीस म्हणले तर वीस. लढाई लागली तरी. खासगीचं तुमी धरून चालू नका.” तिनं जाळं दुसऱ्या हातात घेतलं. “तुमचा व्हय असंल तर जाते. न्हाई म्हणलात तर उद्याच कळवते त्यांना. माझ्या जागी दुसरं कोणी जाईल.”

लढाई ही बाब मसाजीच्या हिशोबात कुठंच नव्हती. विमान त्यांचं, तेल त्यांचं, इथवर तो मनातल्या मनात नीट आला. पुढचं ‘फक्त’ मात्र त्याला ओलांडता येईना.

“असं कुठं असते का?” तो म्हणाला. “लढाई लागली, जीव घाबरला, तर माणूस उठून घरी येते. शब्द दिला म्हून काय झालं?” पोरगी ऐकत नाही असं पाहून तो बांधाकडे वळला. “मालक, तुमी सांगा हिला. राती भरायच्या आधी कळप उठवला, तर काय आभाळ कोसळते का?”

वैजनाथरावांनी बाभळीकडे पाहिलं.

सिंधूबाई या वेळी उठून गेली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, कडा दाबून घेतल्या.

“हेच मी इचारलं होतं तुमाला,” ती म्हणाली. “हितंच बसून.”

मेंढरं ओरडत होती. मसाजीनं पुढची खुंटी उचलली, जागा बघितली आणि ठोकायला लागला. नेहमीपेक्षा जरा जास्तच ठोकली.

“जाळं ताणून धर, माय,” तो राधिकाला म्हणाला. “जूननंतर हे टोक कोणाच्या हातात द्यायचं, ते बघावं लागंल.”