जिन्यातला सोफा

"जाणार म्हणजे जाणार!" पक्क्या म्हणाला. "नाही गेला तर बोला, काय करू?"

त्याचा मरून रंगाचा नवाकोरा सोफा, अंगावर अजून प्लास्टिक, जिन्याच्या वळणावर येऊन अडला होता. एक हमाल वर, एक खाली, दोघंही घामाघूम. आवारात अख्खी इमारत जमली होती. सुट्टीचा दिवस, आणि फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"नाही जाणार. लिहून देतो," न्हावी म्हणाला. तोंडाला साबण फासलेलं गिऱ्हाईक खुर्चीतच सोडून तो दुकानाच्या पायरीवर आला होता. आत रेडिओ गात होता.

"लाव पैज!"

पक्क्याचं गॅरेज होतं, पण नाव झालं होतं ते पैजांमुळे. हरला की जागच्या जागी चुकती. मागे एकदा हरला, तर गॅरेजपासून नाक्यापर्यंत उलटा चालत गेला होता, वर येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकत. त्याआधी अर्धी मिशी उडवून आठवडाभर हिंडला. उद्या बघू, जमलं तर करू, असली भाषाच नाही.

"शब्दाचा पक्का आहे गं आमचा पक्क्या," इस्त्रीवाल्या मावशी शेजारी उभ्या असलेल्या पोरीला कौतुकाने सांगत होत्या. पोरगी बारा-तेराची असेल. आखूड केस, पाठीला सॅक. कुणाची कोण, कुणी विचारलं नाही. नव्या भाडेकरूंची असेल, असं सगळे धरून चालले.

"हरले तर खरंच देतात?" पोरीने विचारलं.

"अगं, जीव देईल, पण पैज बुडवायचा नाही."

पोरगी दोन पावलं पुढे सरकली. "मी पण लावते. नाही जाणार."

पक्क्याने सोफ्याला खांदा लावला होता. मान न वळवताच तो ओरडला, "लाव गं, बाळा! हरलो तर तू सांगशील ते. सगळ्यांसमोर!"

"काहीही?"

"काहीही! फक्त लग्न कर म्हणू नकोस. एकदा केलंय, अजून निस्तरतोय."

आवार खो खो हसलं. पोरगी नाही हसली.

मग सुरू झालं. तिरका घ्या, उभा करा, अरे पाय धर त्याचा, माझा नाही, सोफ्याचा! शेवटी दोघातिघांनी मिळून असा काही रेटा दिला, की भिंतीचा पोपडा उडाला आणि सोफा जिन्यात घट्ट रुतून बसला. ना वर, ना खाली.

"शेठ," वरचा हमाल पलीकडून म्हणाला, "आता एक तर भिंत फोडा, नाही तर सोफा. आणि मला खाली कोण घेणार?"

शिट्ट्या, टाळ्या. पक्क्या कपडे झटकत आवाराच्या मधोमध आला आणि त्याने छातीवर हात ठेवला. "हरलो! न्हाव्या, तुझं मागाहून. आधी पाहुणीचं. बोल!"

"कोंबडा हो म्हण!"

"नाचव त्याला, नाचव!"

पोरीने घसा साफ केला. "जिन्यापाशी उभं राहायचं," ती म्हणाली, "आणि मोठ्याने ओरडायचं, 'मी घरी आहे.'"

कुणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं.

दर महिन्याला एक बाई यायची. लेकीसाठी कोर्टाने ठरवून दिलेली पोटगी मागायला. ती नाक्यावर दिसली की न्हावी रेडिओ मोठा करायचा. पक्क्या जिना चढून, वरची गॅलरी ओलांडून मागच्या बाजूने पसार. आणि मावशी इस्त्रीवरची नजर न उचलता सांगायच्या, "घरी नाही हो तो. आत्ताच गेला बघा." बाई गेली की हसून हसून पुरेवाट. सगळ्यांची नजर असायची ती बाईवर. पोरगीच येईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पक्क्याने आत्ता तिच्याकडे नीट पाहिलं. आखूड केसांतून कान बाहेर आले होते. मोठाले, पुढे झुकलेले. रोज आरशात दिसायचे तेच.

"एवढी..." तो म्हणाला आणि पुढचं गिळलं. त्याची नजर आपोआप जिन्याकडे गेली. तिथे सोफा होता.

"हे बघ, उद्या मी स्वतः येतो. आईला सांग, उद्या नक्की..."

"पैज होती ना," पोरगी म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचे कान लालबुंद झाले होते. तिने मावशींना विचारलं, "देतात म्हणालात ना?"

मावशींनी नजर आपल्या इस्त्रीकडे वळवली.

पक्क्या जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. पाठीला सोफ्याचं प्लास्टिक चुरचुरलं. "मी घरी आहे," तो म्हणाला, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं.

"नाही ऐकू गेलं."

"अगं, सगळ्यांनी ऐकलं."

"आईने नाही ऐकलं. ती नाक्यावर उभी आहे. ती म्हणाली, 'मी आत आले की ते घरी नसतात.'"

माना वळल्या. नाक्यावर विजेच्या खांबाआड, हातात पिशवी घेऊन एक बाई उभी होती. न्हावी घाईने दुकानात शिरला. सवयीने त्याचा हात रेडिओच्या बटणावर गेला, तिथेच थबकला, आणि मग त्याने रेडिओ बंद केला. साबण वाळलेलं गिऱ्हाईकसुद्धा खुर्चीतून वळून बघायला लागलं.

पक्क्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"मी घरी आहे!"

बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ती आवाराकडे चालायला लागली. आवारातल्या सगळ्यांना एकदम सोफाच बघायचा होता.