नकाशातली चूक

खोटं वाटेल, पण हैदराबादेत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले, तेव्हाची ही गोष्ट. शहर वाढत गेलं की पुराचं पाणी कुठवर शिरेल, हे दाखवणारा प्रोग्राम माधवीनं केला होता. गिऱ्हाईक समुद्रकाठच्या मनिलाचं. नमुना म्हणून तिनं हैदराबाद घालून पाहिलं, तर स्वतःचंच ऑफिस निळ्या रंगात बुडालं.

"काय मजाक आहे? इथं समुद्र कुठंय?" मालक किशनराव भडकले.

"सर, आपली बिल्डिंग बुजवलेल्या तळ्यावर आहे. जुन्या नकाशात तळं दिसतंय."

"मग नकाशातून तळं काढून टाक! पाहुणे यायच्या आत ही चूक दुरुस्त झाली नाही, तर काँट्रॅक्ट गेलं, अन् तुझी नोकरी पण."

तिनं तळं काढलं. ऑफिस कोरडं झालं.

मनिलाचे पाहुणे आले आणि त्यांच्यामागोमाग पाऊस आला. दुपारपर्यंत किशनरावांच्या खुर्चीत मासा बसला आणि माणसं गच्चीवर गेली. पाहुण्यांनी खालचं पाणी पाहिलं, मग लॅपटॉपवरचं कोरडं ऑफिस पाहिलं.

किशनराव हसतहसत माधवीच्या कानाशी लागले, "बेटा, ती चूक परत घाल. जल्दी!"